मिंचोचे गुडघे

दोब्रिनाने एकतीस वर्षं अंधारात नोकरी केली.

त्रोयान गावच्या सरकारी फोटो स्टुडिओत पुढच्या दालनात दोन फोटोग्राफर असत. ते टाय लावत, नवरीची हनुवटी दोन बोटांनी वर करत, आणि बाजारातून जाताना लोक त्यांना टोपी काढून नमस्कार करत. दोब्रिना मागे असे. रोल धुवायचे, फोटो छापायचे, बारीक कुंचल्याने म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या आणि तरुणांच्या पुटकुळ्या घालवायच्या. तिच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीत वीतभर झडप होती. त्यातून रोल आत येत आणि फोटो बाहेर जात. तिला माणसं दिसत नसत, हात दिसत. गावातले अर्धे पासपोर्ट, बहुतेक लग्नं आणि थडग्यांवरचे चिनी मातीतले कितीतरी चेहरे तिच्या हाताखालून गेले. एकाही फोटोमागे तिचं नाव नाही. शिक्का स्टुडिओचा.

कुणी त्याबद्दल हळहळलं तर ती म्हणे, "पावावर कधी भट्टीवाल्याचं नाव असतं का?"

तिला अभिमान होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. एकतीस वर्षांत तिच्या हातून एकच रोल वाया गेला होता, आणि तो कसा गेला हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. एकोणसत्तर साली ओरेशाक गावच्या एका लग्नाचा रोल झडपेतून आत आला. डबीवर लिहिलं होतं त्याप्रमाणे तिने वेळ धरली. आतली फिल्म दुसरीच निघाली. फिल्म त्या काळी मीटरवर मिळे, आणि लोक उजेड लागू नये म्हणून गोधडीत हात घालून ती जुन्याच डब्यांत भरत. अख्खं लग्न धुराड्यासारखं काळं झालं. साहेबांनी नवरीला निरोप पाठवायचं ठरवलं. दोब्रिना निरोपाआधीच बसने ओरेशाकला पोचली आणि दारात उभी राहून म्हणाली, "तुमचं लग्न मी बुडवलं." नवरीच्या आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ती जेवली आहे का ते विचारलं. पुढच्या रविवारी सगळ्यांनी पुन्हा कपडे चढवले. लग्न लावणारा धर्मपिता परगावी निघून गेला होता, म्हणून पोस्टमनला त्याचा कोट घालून तिरका उभा केला. तो फोटो त्या घरात अजून आहे. राइना, म्हणजे ती नवरी, पाहुण्यांना आधी पोस्टमन दाखवते.

तेव्हापासून दोब्रिना डबीवरचं कधी वाचत नाही.

कम्युनिस्ट राजवट गेली, सरकारी स्टुडिओ बंद झाला. ट्रे, डबे आणि फोटो मोठे करायचा एन्लार्जर भंगारात निघाले होते, ते तिने हातगाडीवर घालून घरी आणले. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्या न्हाणीघरात आंघोळ करायची तर आधी टबावरची ट्रे मांडलेली फळी उचलावी लागते. लोक तिच्याकडे माळ्यावर सापडलेले कॅमेरे आणतात. कॅमेरा बहुधा स्वस्तातला रशियन स्मेना असतो आणि आत अर्धा रोल असतो. पूर्वी एक रोल एका नववर्षापासून दुसऱ्यापर्यंत पुरवायचे. मधेच घरात कुणी गेलं तर कॅमेरा कपाटात जाई. सुतकाच्या वर्षात फोटो कोण काढणार? वर्ष संपे, पण कपाट काही उघडलं जात नसे. म्हणून असा कॅमेरा समोर आला की दोब्रिना आधी एकच विचारायची.

"कोण गेलं होतं?"

नेदालाही तिने हेच विचारलं. नेदा बालवाडीत स्वयंपाक करते, पन्नाशीची आहे. तिची आई हिवाळ्यात वारली. आईच्या कपाटात, लग्नातल्या टॉवेलांच्या खाली, विणलेल्या पिशवीत हा स्मेना होता. आकडा चौदावर थांबलेला.

"बाबा," नेदा म्हणाली. "मिंचो. चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये."

"गुडघेवाला मिंचो?" दोब्रिनाच्या तोंडून निघून गेलं.

नेदाने कॅमेरा पुन्हा पिशवीत घातला. उठली नाही, पण पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. दोब्रिनाने जीभ चावली. मिंचोला तिने कधी पाहिलंही नव्हतं. तरी ते नाव तिच्या जिभेवर होतं, जसं सगळ्या गावाच्या होतं.

गोष्ट गावाला ठाऊक होती ती अशी. ईस्टरआधीच्या थोरल्या उपासाच्या पहिल्या शनिवारी घोड्यांच्या शर्यती असतात. त्या वर्षी बर्फ वितळून मैदानाचा नुसता रबरबाट झाला होता. मिंचो आपल्या एकुलत्या एक चांगल्या पँटीत सहा वर्षांच्या मुलीला घेऊन गेला, आणि परत आला तो दोन्ही गुडघे चिखलाने माखून. बायकोची थोरली बहीण स्ताना तेव्हा दारातच होती. प्यायला आणि पडला, ती म्हणाली. दोन आठवड्यांनी त्याचा लाकडांचा ट्रक घाटात उलटला. रस्त्यावर पहाटेचं दव गोठलं होतं. पण लोकांना दव आठवलं नाही, गुडघे आठवले. पुढे कुणाला एक पेला जास्त झाला की लोक म्हणू लागले, याचे मिंचोचे गुडघे व्हायला लागले. नेदाच्या स्वतःच्या लग्नात तिच्या दिरासाठी कुणीतरी ते म्हणालं, आणि मांडवभर माणसं हसली. नेदा पदार्थ वाढत होती. तीही हसली. ते हसणं तिला अजून टोचत होतं.

आणि चेहरा नव्हता. फोटो काढणारा घरात मिंचो, त्यामुळे तो कुठल्याच फोटोत नाही. लग्नाचा एकच फोटो होता. तो त्याच्या बायकोने शवपेटीत त्याच्या कोटाच्या खिशात ठेवला, एकटा जाऊ नये म्हणून. इतर फोटो शोधू नंतर, असं तिला वाटलं होतं. नंतर शोधले तर कुठे काही नव्हतंच. थडग्याच्या दगडात पाथरवटाने चेहऱ्यासाठी अंडाकृती खाच ठेवली होती, तिच्यात आता गांधीलमाश्या घर करतात. गावच्या रिवाजाप्रमाणे दरवर्षी, गेलेल्याचं नाव आणि चेहरा छापलेला स्मरणाचा कागद घराच्या फाटकावर लागे. शेजारच्या फाटकांवर उन्हाने फिकटलेले का होईना, चेहरे असत. यांच्या कागदावर रिकामी चौकट.

"सोळा मार्चला पंचेचाळीस वर्षं होतात, लेल्या," नेदा म्हणाली. दोब्रिनाला सगळं गाव लेल्या म्हणतं, मावशीसारखं. "शर्यतीच्या दिवशी त्यांनी मला कॅमेरा दिला होता. मी त्यांचा फोटो काढलाय. नाकाला पत्रा गार लागला होता, आणि ते म्हणाले, श्वास रोखून धर. एवढंच आठवतं."

"घरच्यांना सांगितलंस?"

"स्ताना मावशी म्हणते, सहा वर्षांच्या पोरीने काढलेल्या फोटोत काय येणार? गुडघेच."

दोब्रिनाने हात पुढे केला आणि पिशवी मागून घेतली.

प्लोवदिव शहरातल्या एका दुकानाने रोल नाकारला होता, हेही नेदाने सांगितलं. पिशवीत फिल्मची बाहेरची रिकामी डबी होती, तिच्यावर रंगीत लिहिलंय, तसली रसायनं जगात कुठे उरली नाहीत, म्हणाले.

"तुझ्या तळघरात बरण्या आहेत ना?" दोब्रिनाने विचारलं. "एखाद्या झाकणावर जर्दाळू लिहिलेलं असेल. आत काय असतं?"

"मिरच्या."

"मग?"

न्हाणीघराच्या खिडकीला तिने दोन घोंगड्या ठोकल्या आणि दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. दुपार होती, बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. अंधारात तिने कॅमेऱ्याची पाठ उघडली. घेतलेले फोटो उजवीकडच्या फिरकीवर, कोरी फिल्म डावीकडे डबीत. मधल्या खिडकीत काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. शेवटचा फोटो काढल्यावर मिंचोने चावी फिरवली असेल तर तिथे कोरी फिल्म. नसेल फिरवली, तर नेदाचा फोटो गेली पंचेचाळीस वर्षं तिथेच, भिंगासमोर पडून होता. तिने नख डबीच्या तोंडाशी टेकवलं आणि अगदी नखालगत कात्री चालवली. फिरकीवरचा भाग काळ्या कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात गेला. त्याला आता घाई नव्हती.

डबीतल्या कोऱ्या फिल्मचा बोटभर तुकडा तिने फिक्सर नावाच्या औषधात टाकला आणि दिवा लावला. रंगीत असती तर गढूळ पिवळी राहिली असती. तुकडा पाण्यासारखा स्वच्छ झाला, किंचित राखाडी.

"मिरच्या," ती दाराआडून म्हणाली. बाहेर नेदा हसली. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

मिंचो मेला म्हणून रोल अर्धा राहिला होता, आणि अर्धा राहिला म्हणून दोब्रिनाकडे चाचणीला फिल्म होती. जुन्या फिल्मवर धुकं चढतं. नेहमीसारखी धुतली तर धुक्यात चेहराही जातो. तिने पुढचे आठ दिवस त्या कोऱ्या तुकड्यांवर घालवले. पहिला काळा आला. दुसऱ्याला विहिरीचं गार पाणी घेतलं आणि औषधात धुकं आवरणारं चिमूटभर ब्रोमाइड घातलं, तो करडा आला. तिसरा बरा. पण धुकं गेलं एवढ्याने चित्र राहतं असं नाही. म्हणून एक तुकडा तिने पुन्हा त्याच स्मेनात भरला. बटण अडकलं होतं, ते दहा-बारा वेळा दाबून मोकळं केलं. मग नेदाला खिडकीशी बसवून राजमा निवडायला दिला. मार्च लागला होता, म्हणून नेदाच्या मनगटावर रिवाजाचा लाल-पांढरा दोरा होता.

"श्वास रोखून धर," दोब्रिना म्हणाली.

नेदाचा हात थांबला.

तो तुकडा धुतला तेव्हा खिडकी आली, राजम्याचं ताट आलं, दोऱ्याचा गोंडा आला. चेहरा फिका होता, पण होता. बापाच्या उरलेल्या फिल्मवर लेक उमटली होती. दोब्रिनाने वेळ भिंतीवर पेन्सिलीने लिहिली, तिच्याखाली रेघ ओढली, आणि नेदाला सांगितलं, उद्या.

त्या रात्री तिने उजवा अंगठा मेंढीच्या चरबीने चोळला. दोन वर्षांपासून तो सांध्यात अडकत होता. हे तिने नेदाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंधारात तिने काळा कागद उलगडला. पंचेचाळीस वर्षं फिरकीला वेढून बसलेली फिल्म स्प्रिंगसारखी अंगावर आली. ती धुण्याच्या चकतीच्या खाचांत सरकवायची असते, एका दमात, कुठेही न चिकटता. तरुणपणी तिला या कामाला दोन मिनिटं लागत. अर्धी फिल्म सरकली आणि अंगठा अडकला. जोर केला असता तर फिल्म मोडली असती, आणि मोडली असती ती शेवटच्या टोकाशी, नेमकी नेदाच्या फोटोपाशी. दोब्रिना अंधारात तशीच उभी राहिली. दाराबाहेर नेदाच्या पायाखालची फळी वाजत होती. दोब्रिनाने अंगठा सोडून दिला आणि उरलेली फिल्म तर्जनी आणि मधल्या बोटात धरून पुढे नेली, विणताना लोकर नेतात तशी. असं तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिनेही आधी कधी केलं नव्हतं. टोक खाचेत गेल्याचं तिला बोटांत कळलं. डबा बंद करून तिने दिवा लावला तेव्हा वीस मिनिटं झाली होती.

पुढे औषध ओतून नऊ मिनिटं डबा हलवला. मग पाणी, मग फिक्सर.

ओल्या फिल्मचं टोक धरून तिने ती खिडकीपुढे उंच केली. बाजूने एक करडा ढग उतरला होता, पण चौदाही चौकटी होत्या. नववर्षाचं टेबल. बर्फातला ट्रक. शिंक अडवणारी बायको. घोडे. दोब्रिनाने भिंग डोळ्याला लावलं आणि शेवटच्या चौकटीवर आली. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं असतं, पण एकतीस वर्षांनी डोळा आपोआप उलटं वाचतो. तिने भिंग काढून पुसलं आणि परत लावलं.

"काय आहे?" नेदाने विचारलं.

"कागदावर बघ," दोब्रिना म्हणाली. "आणि तुझ्या त्या मावशीला घेऊन ये."

स्ताना दुसऱ्या दिवशी आली ती काठी टेकत, पायऱ्यांना शिव्या देत. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. न्हाणीघरात टबाच्या काठावर बसली आणि म्हणाली, "आंघोळ घालणार आहात का मला?" लाल दिव्यात दोब्रिनाने एन्लार्जरखालून काढलेला, अजून कोरा दिसणारा कागद ट्रेमध्ये सोडला. तिघी वाकून बघत होत्या. आधी वरच्या कडेला काळपट काही आलं. ते कोटांचे पट्टे होते, बटणं होती. मागे उभी असलेली सगळी माणसं कमरेपाशी कापली गेली होती, कारण कॅमेरा सहा वर्षांच्या पोरीच्या नाकावर होता. एका घोड्याचे चार पाय होते. बुटांची रांग होती. आणि त्या सगळ्या बिनडोक्याच्या माणसांपुढे, चौकटीच्या बरोबर मधोमध, एका माणसाचा अख्खा चेहरा वर येत होता. तो हसत होता. एक हात पुढे केलेला, स्थिर राहा असं सांगणारा. टोपी काखेत. दोन्ही गुडघे चिखलात रुतलेले.

तो पडला नव्हता. लेकीच्या कॅमेऱ्यात आपण मावावं म्हणून तो चिखलात गुडघे टेकून बसला होता.

नळ गळत होता. नेदाने ट्रेच्या कडेला हात धरला होता, पाण्याला लागू न देता.

"पँट तीच," शेवटी स्ताना म्हणाली. "माझ्या बहिणीने दोन दिवस राखेच्या पाण्यात भिजवली होती." मग थोड्या वेळाने, जरा रागाने, जणू मिंचो समोरच होता, "तिने विचारलं होतं त्याला, कुठे लोळलास म्हणून. तर हा हसतो आणि म्हणतो, रोल संपू दे, मग दाखवतो. मी म्हटलं, बघा, प्यायलेल्याचं बोलणं."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस, मावशी," नेदा म्हणाली.

"मला काय माहीत, तो खरंच सांगत होता?"

ती काठी शोधू लागली. काठी हातातच होती.

दोब्रिनाने फोटो पाण्यात धुवून काचेवर चिकटवला. मग जे काम ती आयुष्यभर करत आली त्याबद्दल विचारलं. स्मरणाच्या कागदावर चेहराच लागतो, खांद्यापर्यंत. मागची माणसं, घोड्याचे पाय, बाजूचा ढग, सगळं काढून टाकता येईल. आणि खाली कापलं की चिखलही जाईल.

नेदाने नाही म्हणून मान हलवली.

"गुडघ्यांसकट," ती म्हणाली. "कुठेही कापायचं नाही."

स्तानाने नाक शिंकरलं आणि तीही म्हणाली, गुडघे ठेव.

दोब्रिनाने कुंचला परत डबीत ठेवला. एकतीस वर्षांत असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मोठी प्रत वाळल्यावर तिने मागे पेन्सिलीने लिहिलं, छायाचित्र नेदाचं, वय वर्षं सहा. स्वतःबद्दल काही लिहिलं नाही. सवयच नव्हती.

सोळा मार्चला सकाळी दोब्रिना पीठ मळत होती. फोन वाजला. ओरेशाकची राइना होती, लग्न बुडालेली ती नवरी, आणि ती चक्क रडत होती. तिची बस नेदाच्या फाटकासमोर थांबली होती, खिडकीतून तिने स्मरणाचा कागद पाहिला, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत दोब्रिनाचं नाव होतं. नेदाने छापखान्यात स्वतः सांगून सगळं घातलं होतं. वर मिंचो, अख्खा. त्याखाली फोटो कुणी काढला ते, आणि त्याखाली रोल कुणी धुतला ते.

"अगं, मी मेले असते तर फोटो माझा लागला नसता का?" दोब्रिना म्हणाली. "नीट वाच की. धुणारीचं नाव आहे ते."

फोन ठेवल्यावर तिने हाताचं पीठ झटकलं आणि कोट चढवला. नेदाच्या फाटकापाशी चार-पाच बायका आणि एक म्हातारा उभा होता. म्हातारा नाक कागदाला लावून गुडघ्यांकडे बघत होता आणि कुणाला तरी सांगत होता, त्या दिवशी तोही शर्यतीला होता, ते डावीकडचे बूट त्याचेच. स्ताना घरातला स्टूल आणून फाटकाशीच बसली होती, आणि थांबणाऱ्या प्रत्येकाला फोटोचा अर्थ समजावून सांगत होती. कुणी मधे बोललं तर काठी आपटत होती.

दोब्रिनाने चष्मा पुसला. आपलं नाव दोनदा वाचलं. मग वर, कामाकडे पाहिलं. काळं दाट होतं, पांढरं कुठे फाटलं नव्हतं, आणि पँटीवर चिखलाचा थेंबन् थेंब वेगळा दिसत होता.

"स्वच्छ आलंय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि पीठ फुगायच्या आत घरी निघाली.